भावाला पाठ असलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुनं सिमकार्ड आहे. नखाएवढा माझा जीव. कारखान्यात माझ्यासारखी हजारो कार्डं एका साच्यातून निघाली, पण मला मिळालेला नंबर फक्त माझा होता.

एका गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने मला स्वतःच्या नावावर घेतलं आणि बायकोच्या फोनमध्ये घातलं. ती घरी कपडे शिवायची. "बाई, तुमचा फोन कधी लागला नाही असं होत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणत, तेव्हा मला वाटे, हे कौतुक माझंच आहे. तिचा धाकटा भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. मिळेल तिथे काम करायचा आणि दोन-चार महिन्यांतून कुणाच्या तरी फोनवरून ताईशी बोलायचा. त्याला एकच नंबर पाठ होता, माझा.

पुढे मेकॅनिक वारला. वर्षभरात समोर उंच इमारत उभी राहिली आणि माझी रेंज गेली. बाई स्टुलावर चढून, खिडकीच्या गजाला चिकटून बोलायची, तरी आवाज तुटायचा. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते असं ऐकून ती दुकानात गेली.

"कार्ड ज्यांच्या नावावर आहे, त्यांना घेऊन या," दुकानदार म्हणाला.

"ते नाहीत आता."

नाव बदलून घेण्यासाठी तिने कंपनीच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. दर वेळी एखादा कागद कमी पडला. शेवटी हात टेकून तिने नवा नंबर घेतला. भावाला कळवायला त्याचा शेवटचा फोन जिथून आला होता तिथे विचारलं, तर तो काम सोडून गेला होता.

मी बटणांच्या डबीत पडलं. रिचार्ज नाही म्हणून बंद झालं, आणि कंपनीने माझा नंबर दुसऱ्याला दिला. एका दुपारी बाईने फोन मशीनवर ठेवला, आवाज मोठा केला आणि तोच नंबर लावला. एक परका माणूस बोलला. माझ्या भावाचा फोन आला होता का, असं तिने भीत भीत विचारलं.

"ताईला द्या, असं कोणीतरी म्हणत होतं. दोनदा आला. मी राँग नंबर म्हणून सांगितलं. परत नाही आला."

तो फोन कुठल्या नंबरवरून आला, हे त्याने जपून ठेवलं नव्हतं. कशाला ठेवेल? बाईने त्याचे आभार मानले. मग उलटी शिवली गेलेली एक बाही ती कितीतरी वेळ उसवत राहिली.

मित्रांनो, रेंज नसेल तर कंपनी खुशाल बदला. पण कार्ड कुणाच्या नावावर आहे, ते तो माणूस असतानाच बघून ठेवा. आणि तुमचा नंबर ज्याला पाठ आहे, त्याला आधी कळवा. नंतर शोधू म्हटलं, तर माणूस सापडत नाही.