थंडीतली पहिली फुंकर

मी एक नवीकोरी क्लॅरिनेट आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला नेहमी जुनी, झिजलेली मंडळी पुढे येतात. पण मी म्हातारी होईन की नाही, याचीच मला खात्री नाही. म्हणून आताच सांगून टाकते.

काळ्या, जड लाकडातून कारागिराने मला घडवलं आणि चकचकीत कळा बसवल्या. त्याच टेबलावर दुरुस्तीला आलेली एक क्लॅरिनेट होती. तिला वरपासून सांध्यापर्यंत तडा गेला होता.

"गारठलेली असताना कोणीतरी फुंकली हिला," कारागीर म्हणाला. "बाहेरून थंड आणि आतून गरम वाफ. नव्या लाकडाला सोसत नाही ते."

त्या दिवसापासून मला थंडीची भीती बसली.

शाळेच्या बँडमधल्या एका मुलीसाठी तिच्या मावशीने मला घेतलं. "पहिले काही आठवडे थोडंच वाजवायचं हं," मावशीने बजावलं. मुलगी तेवढंच वाजवी. मग माझ्या आतून फडका ओढून सगळी ओल पुसून घेई. उरलेला सराव ती आवाज न करता, नुसत्या बोटांनी करी. स्पर्धेत सुरुवातीचे सूर तिला एकटीला वाजवायचे होते. झोपेतसुद्धा तिची बोटं हलत.

स्पर्धेच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. सगळी वाद्यं उघड्या टेम्पोतून आली. पेटी उघडली तेव्हा मी बर्फासारखी गार पडले होते.

"चल, सूर लाव. आपला नंबर आला," बँडचे सर म्हणाले.

तो तडा डोळ्यांसमोरून हलेना.

"सर, थोडं थांबा ना. ही गार आहे अजून."

"गार आहे म्हणजे? आइस्क्रीम आहे का ती?"

सगळे हसले. मुलीने मला स्वेटरच्या आत, काखेत धरलं. "नवी आहे, सर. आत्ता फुंकली तर तडकेल."

"मग तू बस. तुझा भाग बासरीवाली वाजवेल."

ती बसली. मला मात्र एकच भीती होती. तिने मन बदललं तर? पण स्टेजवरून तिचे सूर दुसऱ्याच कोणाच्या हातून ऐकू आले, तरी तिने मला बाहेर काढलं नाही. हळूहळू मला ऊब आली.

घरी मावशीने विचारलं, "कसं झालं गं?"

"तडकली नाही," ती म्हणाली, आणि मग रडली.

मित्रांनो, मला अजूनही भीती वाटते. थंडी संपलेली नाही. तुमच्याकडे नवं वाद्य आलं तर आधी हातांची ऊब द्या, वाजवून झालं की आतून कोरडं करा. कोणी घाई केली, तर त्याला थांबायला सांगा. त्याला दुसरं कोणीतरी वाजवणारं मिळेल. आम्हाला दुसरं अंग मिळत नाही.