बसलेलं बूड

मी एक जुनी रायफल आहे आणि माझा नेम चुकत नाही. मित्रांनो, हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षे बिनधास्त उच्चारत आले. आता उच्चारताना जरा खाकरते. का, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावात, थोर्वाल्ड नावाच्या माणसाच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे धान्याच्या कोठाराला लागून असलेली एक खोली आणि तिच्यात एक शेगडी. माझी नळी आणि लोखंडी धड बाहेरून आले, पण माझे लाकूड थोर्वाल्डच्या अंगणातल्या अक्रोडाचे. वादळात पडलेले ते झाड त्याने सहा वर्षे सुकवले. मग धड त्या लाकडात बसवताना दोहोंच्या मध्ये राळ ओतली. राळ घट्ट झाली आणि लोखंड व लाकूड यांच्यात केसाइतकीही फट उरली नाही. मी अर्धस्वयंचलित आहे. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपणहून जागेवर येऊन बसते. या धावपळीत धड तसूभर हलले, तर नेम गेलाच म्हणून समजा. माझे हलत नसे.

थोर्वाल्डचा एकच नियम होता. नळी आतून गजाने पुसा, बाहेरून तेलाचा हात फिरवा, पण धड लाकडातून उपसू नका. "बसलेलं बूड उठवू नये," तो म्हणायचा. रविवारी जेवण झाल्यावर स्वतःच्या खुर्चीबद्दलही त्याचे हेच मत होते.

थोर्वाल्डनंतर मी त्याच्या लेकीकडे, आर्डिसकडे आले. आर्डिस शाळेची पिवळी बस चालवते. सात नंबरचा रस्ता, चौतीस मुले, हिवाळ्यात बर्फाने गुळगुळीत झालेले दोन पूल. शनिवारी ती गावच्या नेमबाजी क्लबात यायची, पोटावर पालथी पडून मला खांद्याशी घ्यायची आणि दोनशे वारांवरच्या कागदावर दहा गोळ्या अशा टाकायची, की त्या सगळ्या एका बशीखाली झाकता याव्यात. माझ्यावर दुर्बीण नाही. टोकाला एक लोखंडी खुंटी आहे, ती डोळ्याने धरायची. आर्डिस सगळ्यांना सांगायची, "ज्या दिवशी मला ही खुंटी नीट दिसणार नाही, त्या दिवशी बसची किल्ली शाळेला परत." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण तो दिवस येणार नाही याची मला खात्री होती.

जिल्ह्याच्या सामन्यात आम्ही अकरा वेळा पहिल्या आलो. मी 'आम्ही' म्हणते, हा माझा मोठेपणा.

मग यंदा नवी आली. गावच्या अग्निशमन दलाने मदतीसाठी सोडत काढली होती. पॅनकेकच्या जेवणावर तिकीट मोफत मिळाले आणि आर्डिसचा नंबर लागला. ॲल्युमिनियमचे अंग, लाकडाचा मागमूस नाही, वर ही एवढी दुर्बीण. भारीतली होती, हे मी नाकारत नाही. कपाटात माझ्या शेजारी उभी राहिली, पण बोलली काही नाही. नव्या सुनेसारखी घर जोखत होती.

क्लबाचा नियम असा, की सामन्याच्या कार्डावर एकाच रायफलीचे नाव लिहायचे. कार्ड रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. आर्डिसने ठरवले, शनिवारी दोघींना दहा-दहा गोळ्यांनी पारखायचे. मी निर्धास्त होते. अशा चार नव्या पाहिल्यात मी.

त्याआधीच्या गुरुवारी आर्डिस बसवर असताना कपाट उघडले ते तिच्या नवऱ्याने, ऑरिनने. ऑरिन सोन्यासारखा माणूस. तीस वर्षे चीजच्या कारखान्यात होता, वसंत ऋतूत निवृत्त झाला आणि तेव्हापासून घरात काय धुऊ नि काय नको असे त्याला झाले आहे. चीजच्या कारखान्यात रोज संध्याकाळी यंत्राचा एकूण एक नळ, एकूण एक चकती खोलून धुतात. जे खोलले नाही ते घाणच, अशी त्यांची शिकवण. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले, शीळ घालत माझे धड लाकडातून उपसले आणि आत दिसलेली पंचेचाळीस वर्षांची राळ जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि चाकूच्या टोकाने खरवडून काढली.

मी काय करणार? मला तोंड एकच आहे आणि त्यातून बोलता येत नाही.

संध्याकाळी मी आरशासारखी चमकत होते आणि आतून खिळखिळी झाले होते. ऑरिनने मला कपाटात ठेवले आणि कौतुकाने माझ्या लाकडावर थाप मारली. त्याचा मला राग येईना, हीच तर पंचाईत.

शनिवारी आर्डिसने आधी मला घेतले. पहिली गोळी डावीकडे गेली. दुसरी वर. तिसरी कुठे गेली ते तिसरीलाच ठाऊक. दहा गोळ्यांतल्या चार काळ्या वर्तुळात लागल्या.

क्लबाचा कप्तान एल्रॉय तिच्या मागे दुर्बीण लावून बसला होता. सबंध जिल्ह्यात त्याच्याइतका तीक्ष्ण डोळा नाही आणि तितकी तिखट जीभही नाही. "काय गं आर्डिस, नेम धरतेयस की माश्या हाकलतेयस?"

आर्डिसने मला बाजूला ठेवले. तिने नवी घेतली. दहाच्या दहा गोळ्या मधोमध.

एल्रॉयचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, दुर्बीण म्हणजे डोळ्यांची काठी. आपलं वय झालं आता. त्यात लाजायचं काय?"

"खुंटी मला स्पष्ट दिसत होती रे," आर्डिस हळूच म्हणाली. "म्हणजे, दिसतेय असं वाटत होतं. तेच तर वाईट. उद्या पुलावर पोर उभं असेल आणि मला वाटेल, पूल मोकळा आहे."

वसंतात डॉक्टरांनी तिला सांगितले होते, मोतीबिंदूची सुरुवात आहे, बसला हरकत नाही, पण फरक जाणवला तर थांबा. घरी येऊन तिने आम्हा दोघींना कपाटात ठेवले आणि खिशातून बसची किल्ली काढून माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवली. माझ्या आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. डोळे तिचे शाबूत होते, बूड माझे हलले होते, आणि शिक्षा तिला!

रविवारी चर्चमधून आल्यावर ती टेबलाशी शाळेला पत्र लिहायला बसली. त्याच टेबलाशी. कपाट भिंतीपलीकडेच असल्याने मला सगळे ऐकू येत होते. ऑरिनने तिच्यापुढे कॉफी ठेवली, भोपळ्याच्या केकचा तुकडा ठेवला, ती नको म्हणाली तरी वर मलई घातली.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "एक दिवस वाईट जातो. आणि ती रायफलसुद्धा काय लख्ख होती! मी गुरुवारीच घासली ना तुझ्यासाठी. म्हटलं, गुपचूप करू, खूश होशील."

"घासलीस? बाहेरून ना?"

"छे! मी काय अर्धवट काम करणारा आहे? सगळी खोलली. आत किती घाण होती माहितेय? राळेसारखं काहीतरी चिकटलं होतं. खरवडता खरवडता माझी नखं गेली."

पेन खाली पडल्याचा आवाज आला.

"ऑरिन. ती राळच होती. बाबांची."

"...ती मुद्दाम होती?"

"मेल्या, मुद्दाम होती!"

आणि मग ती हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. ऑरिन बापडा मलईचा चमचा हातात धरून "मग आधी सांगायचं ना कुणी," एवढेच म्हणत राहिला.

पण आर्डिस थोर्वाल्डची लेक. चौतीस मुलांचा प्रश्न ती नुसत्या हसण्यावर सोडणार नव्हती. दुपारी क्लबात नेऊन तिने मला एल्रॉयच्या हातात दिले. "तू मार दहा. तुझे डोळे चांगले आहेत ना?"

"माझे? कोंबडीची पिसं मोजतो मी दोनशे वारांवरून," असे म्हणून एल्रॉय पालथा पडला.

मित्रांनो, त्या क्षणी मला धडकी भरली. खिळखिळ्या धडातूनही कधी कधी गोळ्या चुकून नीट जातात. एल्रॉयच्या दहा नीट गेल्या, तर दोष आर्डिसच्या डोळ्यांचाच ठरणार! मी, जिने पंचेचाळीस वर्षे नेमाचा गर्व केला, आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून प्रार्थना केली, की देवा, आज माझा नेम चुकू दे.

चुकला. काय सुंदर चुकला! एल्रॉयच्या तीनच वर्तुळात लागल्या, आर्डिसपेक्षा एक कमी.

"ही रायफल आहे की पाणी शिंपडायची झारी?" एल्रॉय ओरडला. आर्डिसने उत्तर म्हणून त्याची टोपी डोळ्यांवर ओढली आणि कार्डावर नवीचे नाव लिहिले. मला वाईट वाटले का? वाटले. पण बरेही वाटले, आणि दोन्ही एकदम वाटू शकते हे मला तेव्हा कळले.

या हिवाळ्यात आर्डिस स्वतः माझ्यात नवी राळ ओतणार आहे, बापाने ओतली तशी. ऑरिनने हात पाठीमागे बांधून बघायचे, असे ठरले आहे. कपाटाच्या दारावर त्याने चीजच्या कारखान्यातल्या ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: 'विचारल्याशिवाय धुऊ नये.' मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवर प्रेम करा, अवश्य करा. फक्त हात लावण्याआधी, ज्याला आमची खोड ठाऊक आहे त्याला एक शब्द विचारा. जुन्या माणसांच्या बाबतीतही हेच करा, आणि ती चुकली असे ठरवण्याआधी तर नक्कीच.

डॉक्टरांची वेळ आर्डिसने घेतलीच, बुधवारची. पण त्याआधीच्या सोमवारी सकाळी साडेपाचला कपाटाचे दार उघडले. नवी ताठ उभी राहिली. मीही सवयीने सावरले. आर्डिसचा हात आम्हा दोघींच्या मधून पुढे गेला आणि त्याने खिळ्यावरची किल्ली उचलली.