वॉर्डाचा मध्य

नगमाने पडद्यावरच्या चौकोनातली बरोबरची खूण काढून टाकली आणि पुन्हा चाचणी लावली. सापडलेल्या पत्त्यांचा शंभर टक्क्यांवर मिरवणारा आकडा घसरत घसरत त्रेसष्टवर येऊन थांबला. मागे उभ्या असलेल्या देवानंद साहेबांचा चहाचा कप ओठापाशीच राहिला.

"हे काय केलं?"

"खरं काय ते दाखवलं, साहेब."

जिल्ह्याच्या नकाशाच्या पोर्टलवर पत्ता टाकला की घर दिसावं, एवढंच नगमाचं काम. अकोल्याच्या त्या कार्यालयात ती अकरा महिन्यांच्या करारावर होती. आधीच्या माणसाने मात्र त्या चौकोनामागे एक चलाखी करून ठेवली होती. पत्ता सापडला नाही की पोर्टल गुपचूप वॉर्डाच्या मध्यावर टाचणी रोवायचं आणि वर 'सापडला' म्हणायचं. दुष्काळी मदतीचं पथक त्याच टाचण्या बघत फिरायचं. टाचणीपाशी घर नसलं की शेरा: कुटुंब आढळले नाही. असे दोन शेरे पडले की नाव यादीतून बाद.

पहिला शेरा पडलेला कागद घेऊन जयवंताबाई सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसली होती. बाळापूरला नदीकाठी भाजीपाला करणारी बाई. दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली आणि वांग्याची रोपं उभ्या उभ्या वाळली. पथकाची दुसरी फेरी सोमवारी होती.

नगमाने तिला आत बोलावलं, काढलेली खूण पुन्हा लावली आणि तिचा पत्ता टाकला: गोदामामागे, नबी लोहाराच्या भट्टीपासून तिसरं दार. टाचणी थेट नदीच्या पात्रात जाऊन बसली.

जयवंताबाईने पडद्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"मी काय नदीत राह्यतो, साहेब?"

"बाई, ते नुसतं अंदाजानं हाय."

"अंदाज तुमचा, अन् नाव कटते माहं?"

साहेब नगमाकडे वळून म्हणाले,

"उद्या अकरा वाजता मोठ्या मॅडमले दाखवायचं हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. शंभर ते शंभरच राहू द्या."

"मी नाही ठेवणार."

"या महिन्यात करार संपून राहिला ना तुमचा? पुढचं मलेच लिहावं लागते."

नगमाच्या घरची चार ताटं तिच्याच पगारावर होती. पण त्या काळजीहून जास्त तिला राग आला, त्या शांतपणे सांगितलेल्या धमकीचा. तिने साहेबांच्या देखत खूण काढून टाकली.

"लिहा, साहेब. त्रेसष्ट हाय, तर त्रेसष्टच दिसन."

साहेबांना आपल्या हाताने ती खूण लावता आली असती. पण मग कुणी विचारलं तर हातही त्यांचाच ठरला असता, आणि इतकी वर्षं नोकरी त्यांनी उगाच केली नव्हती. ते पाय आपटत निघून गेले. जयवंताबाईने कागदाची घडी कमरेला खोचली आणि एसटी गाठली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी भिंतीवर नकाशाशेजारी पडलेला आकडा दोनदा वाचला.

"त्रेसष्ट? मग बाकीची घरं कुठे आहेत?"

साहेबांनी नगमाकडे बघितलं. घे, निस्तर आता, असं ते बघणं. नगमा बोलायला उठली, तेवढ्यात शिपायाने दार अर्धवट उघडून आत डोकं घातलं.

"मॅडम, बाळापूरच्या बाया आल्या. ऐकूनच नाही राहिल्या."

त्याच्या हाताखालून जयवंताबाई आत आली. चपला तिने दारातच काढल्या होत्या. खुर्च्यांमधून वाट काढत ती भिंतीपर्यंत गेली, नदी कुठून वाहते ते तिने जरा वेळ न्याहाळलं, बोट काठापलीकडे नेलं आणि एका ठिकाणी टेकवलं.

"इथं," ती म्हणाली. "लिव्हा."

दारात दुसरीने चपला काढल्या.