झोपण्याआधीची फट

कशेळ्याच्या भातगिरणीत वनिताकाकूंनी संगणक ठेवला तो भाग्यश्रीच्या भरवशावर. काट्यावर पोतं ठेवलं की तिचा सी भाषेतला प्रोग्रॅम वजन वाचायचा. वीज गेली की इन्व्हर्टरकडून त्याला सिग्नल यायचा. मग सगळी वजनं साठवून त्याने बंद व्हायचं. पण दोनदा तो नुसताच बसून राहिला, इन्व्हर्टर संपला आणि दिवसभराची वजनं गेली.

"आता परत असं झालं ना गं," काकू म्हणाल्या, "तर हे मशीन उचलायचं नि घरी न्यायचं."

भाग्यश्री माझी जुनी विद्यार्थिनी. माझ्या ओटीवर येऊन बसली.

"सर, घरी किती वेळा सिग्नल दिला, दरवेळी बरोबर बंद होतो."

"तो करतो काय, ते क्रमाने सांग."

"झेंडा, म्हणजे सिग्नल आल्याची खूण, वर आहे का बघतो. असेल तर वजनं साठवून बंद होतो. नसेल तर काट्याची वाट बघत झोपतो. सिग्नल आला की झेंडा वर होतो. प्रोग्रॅम झोपला असेल तर जागाही होतो."

"मग खेळूनच बघू."

मी प्रोग्रॅम झालो, माझी नात रिया सिग्नल आणि पाट झाला झेंडा. रियाने टोचलं की मी पाट उभा करायचा आणि हातातलं काम पुढे न्यायचं. झोपलो असेन तर उठायचं.

मी बघितलं, पाट आडवा. डोळे मिटणार एवढ्यात रियाने टोचलं. मी पाट उभा केला आणि झोपलो.

"आजोबा, पाट तर उभा हाय."

"माझं बघून झालंय. आता पोतं आलं तरच उठणार."

"मग आणा की पोतं."

भाग्यश्री म्हणाली, "गिरणीत नाय येणार. दिवे गेले की काकू पोत्याला हात लावू देत नाहीत, अंधारात कोणाच्या पायावर पडेल म्हणून. घरी मी काट्यावर सारखं काहीतरी ठेवत होते. त्यानेच तो जागा होत असणार."

मग तिनेच विचारलं, "दोनदा बघायला लावलं तर?"

रियाने माझं दुसऱ्यांदा बघून होईपर्यंत वाट पाहिली आणि मग टोचलं. मी पुन्हा झोपलो.

"शंभरदा बघा," रिया म्हणाली, "शेवटच्या बघण्यानंतर मी हायच."

"मग तुला दाराबाहेर ठेवते," भाग्यश्रीने तिला सांगितलं. " कडी लावून बघायचं, कडी काढून झोपायचं."

"कडी काढली आणि अजून झोपलो नाही, तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा ही शिरणार." भाग्यश्री म्हणाली. "काढणं आणि झोपणं एकाच झटक्यात हवं. सर, सी भाषेतलं पीसिलेक्ट हे फंक्शन नेमकं तेच करतं. बाहेर थांबलेला सिग्नल झोपताक्षणी आत येतो आणि उठवतो."

आम्ही तिच्या घरी गेलो. तिने आधी जुन्याच प्रोग्रॅममध्ये बघणं आणि झोपणं यांच्यामध्ये मुद्दाम थोडा थांबा घातला, त्या थांब्यात सिग्नल दिला आणि काट्याला हात लावला नाही. "अडकला," ती खुशीत म्हणाली. तोच थांबा ठेवून नवा चालवला. तो वजनं साठवून बंद झाला.

गिरणीत काकूंनी स्वतः मेन स्विच खाली ओढला आणि सगळ्यांना काट्यापासून मागे सारलं. इन्व्हर्टरवर एकटा संगणकाचा पडदा उजळ होता. 'वजनं साठवली' असं आलं आणि प्रोग्रॅम बंद झाला.

"परत कर," काकू म्हणाल्या.

भाग्यश्रीने स्विच वर करून प्रोग्रॅम चालू केला, परत खाली ओढला, आणि आणखी परत; दरवेळी तेच आलं. शेवटी काकूंनी स्विच वर केला. "चला रं, पोती घ्या. मशीन ऱ्हाऊ दे तिथंच."