गल्ली विचारणारी मॅडम

दक्षिण दिल्लीतल्या एका रुग्णालयात श्रावस्ती गजभिये रुग्णांच्या संगणकातल्या नोंदी सांभाळायची. पत्त्यात नुसतं वस्तीचं नाव, 'मुनिरका', लिहिलेलं तिला चालायचं नाही. गल्ली आणि घर क्रमांकही हवाच, असा तिचा हट्ट. खिडकीवरचे कारकून कातावायचे, "मॅडम, जरा लाइन तो देखिए!"

एका सोमवारी तिने पंधरवड्याच्या नोंदी चाळल्या. काविळीचे नऊ रुग्ण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे आले होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण नऊही जण मुनिरक्यातल्या एकाच गल्लीत भाड्याने राहणारे विद्यार्थी होते. यादी छापून श्रावस्ती तडक साथरोग विभागाच्या डॉ. मानस देवधरांकडे गेली.

"सर, त्या गल्लीतलं पाणी तपासायला हवं. आजच."

देवधरांनी यादी वाचली आणि लगेच फोन फिरवला. दोन दिवसांत गटाराला लागून फुटलेली पाण्याची पाइपलाइन सापडली. गल्लीत टँकर आले, वॉर्डात खाटा राखून ठेवल्या गेल्या. पुढे आणखी सहा जण दाखल झाले, आणि मग साथ थांबली. सगळी मुलं बरी होऊन घरी गेली.

"ही साथ श्रावस्तीने पकडली," देवधर भरल्या बैठकीत म्हणाले. तिची मान आपोआप ताठ झाली.

घरी तिने हे सांगताच तिच्या वडिलांनी, भाऊरावांनी, नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. "आमच्या पोरीने दिल्लीतली साथ अडवली!"

"बाबा, एका गल्लीतली! आणि सगळ्यांनी मिळून."

"ते तू सांग," भाऊराव पुढचा नंबर लावत म्हणाले. "मी बाप आहे, मी असंच सांगणार."