बारा आणि एकवीस

दर अर्ध्या तासाला मी हवा लिहिते. चोवीस वर्षं झाली. वारा कुठून आणि किती, किती लांबचं दिसतंय, ढग किती उंचीवर, तापमान, दाब, हे सगळं एका ओळीत कोंबायचं आणि पाठवून द्यायचं. त्या ओळीला मेटार म्हणतात. वैमानिक निघण्याआधी ती वाचतो. बाकीच्यांना ती कुणीतरी पेंगत टाइप केल्यासारखी दिसते, आणि त्यात बाकीच्यांची काही चूक नाही.

आमचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक शेड आणि आमची खोली. मनोरा नाही, रेडिओवर बोलायला माणूस नाही. खोलीत दोन टेबलं, दोन पडदे, भिंतीवर दाबमापक आणि आतल्या केबिनमध्ये आमचे साहेब. त्यांना आम्ही त्यांच्या माघारी 'कमी दाबाचा पट्टा' म्हणतो, कारण ते आले की आभाळ भरून येतं.

काका पहिल्यांदा आले ते एका मंगळवारी दुपारी. कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत चौकशी अहवालाची प्रत.

"मी त्या वैमानिकाचा बाप," ते म्हणाले.

कुठला वैमानिक, हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे आजवर एकच विमान पडलंय, वर्षापूर्वी. आत चार माणसं होती, चारही गेली. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पेला हातात न देता टेबलावर ठेवला.

त्यांनी अहवालाचं सतरावं पान उघडलं आणि त्या सकाळच्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, मला एवढी ओळ वाचायला शिकवा. हे म्हणतात, हिच्यात दाब १०१२ होता आणि मुलाने विमानात १०२१ लावला. आकडे उलटे केले. मला ते माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. मी छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली. दुसऱ्याने वाचलेलं मी मानत नाही."

"त्यात शिकण्यासारखं काय आहे काका? आकडाच तर आहे."

"माझ्यासाठी नाही हो, हिच्यासाठी, त्याच्या आईसाठी. लहानपणी तो बारा लिही म्हटलं की एकवीस लिहायचा. हिने त्याला पुढ्यात बसवून रडेपर्यंत पाटीवर गिरवून घेतलं. आता ही अंथरुणाला खिळलीय आणि एकच धरून बसलीय. म्हणते, त्याची ती खोड मी पुरती मोडली नाही, चार जीव माझ्यामुळे गेले. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. त्याआधी मला तिला खरं काय ते सांगायचंय."

खरं काय ते मला माहीत होतं.

त्या सकाळी टेबलावर मी होते. दाबमापक १०१२ दाखवत होता. मी तो नीट वाचला, वहीत नीट लिहिला आणि पडद्यावर १०२१ टाइप केला. फोन वाजत नव्हता, कुणी बोलत नव्हतं, मी आजारी नव्हते. नुसता हात घसरला. चौदा मिनिटांनी वही मिटताना माझ्या लक्षात आलं. मी लगेच दुरुस्त ओळ पाठवली आणि वैमानिक निघणार होता त्या पलीकडच्या विमानतळावर फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच निघाला की तो, तुमची ओळ खिशात घालून. त्यांच्याकडेही रेडिओ नव्हता.

विमानातला उंचीचा काटा म्हणजे खरं तर दाब मोजणारं यंत्र. उतरण्याआधी वैमानिक आमचा आकडा त्यात लावतो, मग काटा खरी उंची दाखवतो. एका अंकाची चूक म्हणजे साधारण आठ मीटर. नऊ अंक म्हणजे सत्तरच्या वर. काटा म्हणत होता, टेकडी पायाखाली बरीच खाली आहे. ढगातून त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. मी खिडकीशी उभी होते. मला आवाज ऐकू आला.

दुरुस्त ओळ पहिल्या ओळीचीच वेळ घेऊन जाते आणि आमच्या यंत्रात पहिलीच्या जागी बसते. पहिली पुसली जाते, आणि त्याच्या खिशातली तर विमानाबरोबर जळून गेली होती. उरतात ती फक्त सुरुवातीला सीओआर अशी तीन अक्षरं, म्हणजे ही दुरुस्ती आहे. चौकशीवाल्यांनी विचारलं, काय दुरुस्त केलंत? साहेबांनी उत्तर लिहिलं, ढगांची उंची. कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "गेलेला माणूस परत येतो का? मग उरलेल्यांना कशाला मारता?" मी सही केली. नोकरी जाईल, तुरुंग होईल, मुलींना लोक काय म्हणतील, असं बरंच मनात आलं होतं. त्यातलं एकही कारण त्या बापासमोर मांडण्यासारखं नव्हतं.

तरी मी शिकवायला बसले. नाही म्हणायला तोंड नव्हतं आणि खरं सांगायला हिंमत नव्हती.

"ही पहिली तीन अक्षरं?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं.

"ती आमच्या दफ्तराची खूण. ती सोडा," मी म्हणाले आणि वाऱ्यापासून सुरुवात केली.

काकांची बुद्धी तल्लख होती. २४००८ म्हणजे वारा दोनशे चाळीस अंशांकडून, वेग आठ, हे एकदा सांगितलं आणि बसलं. चार हजार म्हणजे चार हजार मीटरपर्यंतचं दिसतंय. बीआर म्हणजे धुकट. ११/१० म्हणजे हवेचं तापमान आणि दवबिंदू, आणि हे दोन आकडे एकमेकांना चिकटले की वैमानिकाने सावध व्हायचं. शेवटचा शब्द नोसिग. पुढचे दोन तास हवेत विशेष बदल नाही. "आमच्या घरी वर्षभर नोसिगच आहे," काका म्हणाले आणि स्वतःच कसंनुसं हसले.

सरावासाठी मी त्यांना जुन्या चाळीस ओळी छापून दिल्या. पुढच्या मंगळवारी त्या लाल पेनाने उलगडून आणल्या. एका ठिकाणी माझ्या सहकाऱ्याने तापमान दवबिंदूपेक्षा कमी लिहिलं होतं, तेही पकडलं. "असं होऊच शकत नाही ना ताई? छापखान्यात असला गाढवपणा आम्ही समासात लिहून ठेवायचो." मला हसू आलं. लाज वाटते सांगायला, पण मी मंगळवारची वाट बघायला लागले होते. वर्षभरात माझ्याशी इतकं नीट कुणी बोललं नव्हतं, आणि बोलत होता तो कोण?

तिसऱ्या मंगळवारी आम्ही दाबाशी पोचलो. उशीर करून करून किती करणार?

"क्यू म्हणजे दाब," मी म्हणाले. "पुढे चार आकडे."

त्यांनी बोट ठेवलं. "एक, शून्य, एक, दोन." बोट तिथेच राहिलं. मग सावकाश म्हणाले, "बाराच आहे की हो."

"हो."

"म्हणजे त्यानेच उलटा केला."

आता सांगायचं होतं. माझं तोंड उघडलंही. तेवढ्यात केबिनमधून साहेब खाकरले, म्हणजे ते ऐकत होते. आणि मी म्हणाले, "काका, चहा घेणार?"

"नको. ही वाट बघत असेल."

ते जिना उतरून गेले. शर्टाची इस्त्री तशीच कडक होती. मी पुढची ओळ लिहिली, तीनदा तपासली आणि पाठवली. त्या अपघातापासून मी प्रत्येक ओळ तीनदा तपासते. आता त्याचा काय उपयोग?

पुढचे दोन मंगळवार काका आले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहूनच टाकते, कारण खोटं पुरे झालं.

नंतरच्या मंगळवारी ते आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. खुर्ची ओढून बसले.

"ही गेली," म्हणाले. "इथून गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"त्या संध्याकाळी मी तिला ओळ वाचून दाखवली. तुम्ही शिकवलीत तशी, एकेक घर सोडवत. तिला कौतुक वाटलं. म्हणाली, या वयात शिकलात. मग दाब आला. म्हणाली, बाराच आहे ना? नीट पाहिलंत? म्हटलं, अगदी नीट पाहिलंय. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही."

त्यांनी पिशवीतून त्या चाळीस ओळी काढल्या आणि शेजारी अहवालाचं पान ठेवलं. "घरात आता करायला काही नाही, म्हणून पुन्हा तपासत बसलो. ताई, चाळीसांपैकी एकाही ओळीवर ही तीन अक्षरं नाहीत. दफ्तराची खूण असती तर सगळ्यांवर असती. शेवटी शेजारच्या मुलीला विचारलं, इंग्रजीत सीओआरने सुरू होणारे शब्द कुठले. तिने पाच-सहा सांगितले. त्यातला एक मी तीस वर्षं रोज ऐकत होतो." त्यांनी वर पाहिलं. "दुरुस्ती आहे ना ही?"

"हो."

"दुरुस्ती म्हणजे आधी काहीतरी चुकलं होतं."

"हो."

"काय?"

केबिनमध्ये खुर्ची करकरली. या वेळी मी थांबले नाही. "दाब. आधी १०२१ गेला होता. त्याच्या खिशात तीच ओळ होती. त्याने वाचलं तेच लावलं, काका. त्याने काहीच उलटं केलं नाही. उलटं मी केलं. त्या दिवशी इथे मी होते."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

"तुम्ही," ते म्हणाले. "आणि तुम्हीच मला वाचायला शिकवत होतात."

"हो."

"मी तिच्याकडे निघालो तेव्हा तुम्ही चहा विचारलात."

मी रडले. त्यांनी थांबा म्हटलं नाही, की धीर दिला नाही. मी त्याची अपेक्षा करावी असं काही केलंच नव्हतं. रडणं आपोआप संपलं.

"लिहून द्या," ते म्हणाले. "तुमच्या त्या भाषेत नको. कुणालाही कळेल असं."

मी कोरा कागद घेतला. मी कोण, त्या सकाळी किती वाजता काय वाचलं, काय टाइप केलं, चौदा मिनिटांनी काय पाठवलं, फोनवर काय कळलं, चौकशीच्या कागदावर कशावर सही केली आणि ते कुणी लिहिलं होतं, सगळं लिहिलं. साहेब दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "काय चाललंय हे?"

"दुरुस्ती," मी म्हणाले.

"अहो, शुद्धीवर आहात का? सगळेच बुडू!"

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. साहेब आत गेले आणि कुणाला तरी फोन करू लागले. मी खाली सही केली, तारीख घातली.

काकांनी कागद ओढून घेतला आणि बोट फिरवत वाचला. घाई नाही. दोन ठिकाणी मागे जाऊन पुन्हा वाचला. एका जागी वेळ खोडून लिहिली होती, तिथे मला आडवी सही करायला लावली. माझ्या मुलाने काही चुकवलं नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"दोन प्रती करा," ते मला म्हणाले. "एक चौकशीवाल्यांना. एक घरी न्यायला."

मी यंत्रापाशी उठून गेले, दोन प्रती काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी घरच्या प्रतीची नीट चौघडी घालून ती वरच्या खिशात ठेवली, दुसरी पिशवीत टाकली आणि जायला उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"घरी," ते म्हणाले, "घरी आता कुणाला वाचून दाखवू?"