आश्रयाला आलेला बैल

अध्यक्ष विमानात बसून पळाला आणि आमच्या यमनी डोंगरपट्ट्यात क्रांतिकारकांचं असं पीक आलं, की टोळधाडीनं तोंडात बोट घालावं. काल ज्यांच्या भिंतीवर अध्यक्षाची तसबीर होती, त्यांनी तीच उलटी टांगून पाठीवर 'चालता हो' लिहिलं. खिळासुद्धा बदलला नाही.

या सगळ्यांचा मुकुटमणी कर्नल हिझाम. गावच्या पोरांनी बाजारपेठेच्या चौकात तंबू ठोकले, तेव्हा शाळेच्या गच्चीवर बंदूकवाले बसवले ते यानेच. चार पोरं पडली. पुढे वारा फिरला, तसा एका शुक्रवारी नमाज आणि जेवण यांच्या मधल्या वेळात हा तंबूत शिरला आणि पोरांच्या गळ्यात पडून असा रडला, की तिथल्या सतरंज्या म्हणे ईदपर्यंत वाळल्या नाहीत.

आता त्याला प्रांताचा राज्यपाल व्हायचं होतं. नव्या सरकारची हरकत नव्हती. नव्या सरकारची कशालाच हरकत नसे. अडचण होती रिवाजाची. ज्याच्या अंगावर उघडं, न मिटवलेलं रक्त आहे, त्याच्या ताटात टोळ्यांचे शेख हात घालत नाहीत, आणि शेखांवाचून राज्यपाल म्हणजे दारावाचून कडी. उतारा मात्र रिवाजातच होता. मेलेल्याच्या दारात बैल न्यायचा आणि उंबऱ्यासमोर कापायचा. त्याचं रक्त सांडलं की माणसाचं रक्त मिटलं. मग कोणी मारलं, कोणी मारायला सांगितलं, हे सात पिढ्या विचारायचं नाही. तीन दारांत बैल पडले होते. उरलं होतं मिस्कचं दार.

मिस्क विधवा. चौकात पडलेला नशवान तिचा एकुलता एक. तिला जिवाबद्दल जीव नको होता, भरपाई नको होती. तिला एक वाक्य हवं होतं, कर्नलच्या तोंडून, चारचौघांत : हुकूम मी दिला. सरकार म्हणत होतं, गोळ्या 'अज्ञात हातांनी' झाडल्या. आणि एकदा बैल पडला, की ते वाक्य कायमचं गिळलं जाणार होतं.

तिचा दीर काइद केव्हाच विरघळला होता. कर्नलनं त्याला जकात नाक्यावर चिकटवायचं कबूल केलं होतं.

"वहिनी, पडू दे बैल. मेलेला काय परत येतोय?"

"मेलेला नाही येत, काइद. विकलेला दीर तरी परत येतो का, ते बघतेय."

ठरल्या दिवशी गाड्यांची रांग डोंगर चढून आली. बैल एवढा थोरला, की वळणावर त्याची शिंगं आधी दिसली आणि तो बराच वेळानं आला. सोबत शेख मुक्बिल, टोळीचा न्यायनिवाडा करणारा. एका गालात गातच्या नशिल्या पाल्याचा गोळा, दुसरा गाल मटणासाठी राखून ठेवलेला.

मिस्क दारात उभी होती. आमच्याकडे घराचा तळमजला म्हणजे गोठाच. तिच्या हातात ज्वारीच्या हिरव्या कडब्याची पेंढी.

"या शेख मुक्बिल. या कर्नल. आधी एवढं सांगा, गच्चीवरच्यांना हुकूम कुणी दिला?"

कर्नलनं रुमाल डोळ्यांना लावला. "खाला, ते अज्ञात हात होते. मीही त्यांना शोधतोय."

"शोधताय? मनगटाच्या टोकाला बघा. तिथंच असतात."

"पुरे!" शेख म्हणाला. "सुरा आणा."

मिस्कनं पेंढी हलवली. सकाळपासून उपाशी चढवलेला बैल तो. दोरी धरणाऱ्याला फरफटवत सरळ गोठ्यात शिरला. मिस्कनं दोरीवाल्याला बाहेर ढकललं, अडसर घातला आणि वरच्या खिडकीत आली.

"ऐका हो! हा माझ्या घरात आला, माझं अन्न खाल्लं. आता हा माझ्या आश्रयाला आहे. याला हात लावाल तर अकरा पट भरपाई, आणि तोंडाला काळं लागेल ते वेगळंच!"

"अगं बाई, तो बैल आहे!" शेख ओरडला.

"आश्रयाला दोनच पाय हवेत, असं कुठल्या रिवाजात म्हटलंय? तुमच्या आजोबांनी लांडग्याला आश्रय दिला होता ना? दर लग्नात ऐकवता!"

शेखानं तोंड उघडलं आणि त्यातला पाला खाली पडला. ज्या रिवाजावर जन्मभर जेवला, त्याच्याच घशात कसा हात घालणार?

पुढच्या आठवड्यात कर्नलनं दुसरा बैल आणला. तो शेजारणीच्या पेंढीमागे तिच्या गोठ्यात गेला. तिसरा तिच्या पलीकडच्या. बाजारातले बैल तर म्हणे कर्नलचा माणूस दिसला, की आपणहून गाडीत चढू लागले.

नेमणुकीला एक दिवस उरला, तेव्हा कर्नल शेवटच्या खेपेला आला. सोबतचे शेख आठवडेच्या आठवडे उपाशी परतून चिडलेले. कर्नलनं बैल मिस्कच्या दारासमोर चार माणसांकडून धरवला. बैलानं चौघांना धुळीत लोळवलं आणि समोरच्या म्हातारीच्या उघड्या दारातून आत गेला. गच्च्यांवरच्या बायका खिदळल्या.

कर्नलच्या कपाळाची शीर फुगली.

"हसता? मला हसता? मी एक हात वर केला आणि अख्खा चौक रिकामा झाला! अध्यक्षाला जमलं नाही ते मी केलं! माझ्या एका शब्दावर! आणि ही म्हातारी मला बैलांवरून खेळवते?"

हसणं थांबलं. बैलसुद्धा रवंथ करायचा थांबला असं सांगतात.

मिस्कनं खिडकीची चौकट घट्ट धरली. "शेख मुक्बिल, ऐकलंत?"

शेखानं कमरेच्या जंबियाची मूठ चाचपली, आभाळ पाहिलं. "बैल हंबरत होता. आम्हाला काही नीट ऐकू आलं नाही."

"कर्नलसाहेब," मिस्क म्हणाली, "शेखांचे कान गेलेत. जरा पुन्हा सांगा."

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून ती म्हातारी कर्नलच्या भसाड्या आवाजात ओरडली, "मी एक हात वर केला!" दुसऱ्या गच्चीवरून दुसरीनं पुढचं उचललं. मग तिसरीनं. आता ऐकू न येणं शेखालाही परवडेना. तो कर्नलपासून दोन हात सरकला आणि भलत्याच गाडीत जाऊन बसला.

प्रांताला पुढे दुसरा राज्यपाल मिळाला. त्याचं उघडं रक्त पलीकडच्या खोऱ्यात होतं, म्हणजे आमच्या शेखांच्या लेखी तो धुतल्या तांदळासारखा.

त्या दिवशी परतताना वाट अरुंद, गाड्यांना वळायला जागा नव्हती. अख्खी रांग उलटी डोंगर उतरली. कर्नल समोरच्या काचेतून गावाकडे तोंड करून मागे मागे जात होता आणि त्याचंच वाक्य गच्चीगच्चीवरून त्याच्या तोंडावर येत होतं. मिस्क ओरडली नाही. ती खिडकीशी बसली आणि शेवटच्या घरापर्यंत ते ऐकत राहिली.